गोल सोडून आलीस तेव्हा

अक्का, काल तुझं बारावं झालं. आणि फोटो कुठला लावला होता म्हणून सांगू? लग्नातला. मुंडावळ्या, खाली मान, मिटलेल्या पापण्या. मी उंबऱ्यातच थांबले आणि दाजींना विचारलं, "ही कोण?" बिचारे दाजी, रडून रडून डोळे सुजलेले, त्यांना कळेना मी काय बोलतेय. पण खरंच सांगते, ती तू नव्हतीसच. तू कधी कुणासमोर खाली मान घातली होतीस गं? लग्नातही फोटोवाला मागेच लागला म्हणून घातलीस, आणि त्याची पाठ वळल्यावर मला म्हणालीस, "मान अवघडली, मेल्याला काही कळत नाही."

मी तशीच ऑटो करून घरी गेले आणि आपल्या टीमचा फोटो घेऊन आले. आम्ही सगळ्या निळ्या शर्टात आणि गोलकीपर म्हणून तू एकटी पिवळ्यात. गुडघ्याला पट्टी, कमरेवर हात, कपाळाला आठी. ही माझी अक्का. मी तो फोटो पाटावर ठेवला, दुसरा हार उचलला, तेवढ्यात तुझी आई स्वयंपाकघरातून धावत आली. "अगंबाई, विजू! त्यात तू आहेस, बाकीच्या सगळ्या पोरी आहेत, जितेपणी हार घालून घेतेस काय?" मी म्हटलं, "घालू दे, मला चालतंय." आईनं माझ्या हातावर फाडकन मारलं. एवढ्या रडारडीत सगळे हसले बघ, दाजीसुद्धा. मग असं ठरलं की हार लग्नाच्या फोटोला आणि हा फोटो बाजूला तसाच, बिनहाराचा. तुला चाललं असतं ना? तू म्हणाली असतीस, सगळ्या टीमला घाला, एकदमच काम होईल.

हसू तेवढंच. नंतर पंगतीत दाजींचे कुणी लांबचे काका माझ्या शेजारी बसले. फोटोकडे बघत म्हणाले, "पूर्वी इथं बेंगळुरात बाहेरच्या देशांच्या मुली खेळायला आल्या होत्या, तेव्हा गोल सोडून गेलेली ती हीच काय?" माझ्या हातात घास तसाच राहिला. इतकी वर्षं झाली, तू नोकरी केलीस, संसार केलास, तुला लेक झाली, आणि तुझ्या बाराव्याच्या पंगतीत लोकांना आठवतं ते एवढंच! मी म्हटलं, "हो. हीच." आणि असं म्हटलं की त्यांनी पुढं काही विचारलं नाही.

पण त्यांना गप्प करून मला बरं वाटलं नाही. कारण तेच मी तुला इतकी वर्षं म्हणत आले होते. का आलीस गोल सोडून? हे भांडण आपलं आहे अक्का, तुझं नि माझं. परक्यानं त्यात तोंड घातलं की मी तुझ्या बाजूनं. परका उठून गेला की परत आपण समोरासमोर. आता तू बोलायची नाहीस, म्हणून भांडण मिटलं असं समजू नकोस.

आपलं रक्ताचं नातं नाही, तू मोठी म्हणून अक्का, आणि तूच मला या खेळात ओढलंस. मी चांगली खो-खो खेळत होते. एके दिवशी मैदानाच्या कडेला उभी राहून तू माझ्या हातात तो चेंडू कोंबलास आणि म्हणालीस, "फेक." मी म्हटलं, हा काय खेळ? तू म्हणालीस, "फुटबॉलसारखा गोल, पण हातानं. आणि मी गोलात. मला चुकवून दाखव." मी फेकला, तू अडवलास. परत फेकला, परत अडवलास. अंधार पडेपर्यंत मी रडकुंडीला येऊन फेकत होते आणि तू दात काढून हसत होतीस. माझी जिरवायचीच म्हणून तू मला धरलंस, आणि जिरता जिरता मी हँडबॉल खेळाडू झाले. हे तुझ्यामुळे. मी आज शाळेत पी.टी. शिकवते, पोरी मला मॅडम म्हणतात, तेही तुझ्यामुळेच. कधी म्हटलं नाही तुला. म्हटलं असतं तर तू उडवून लावलं असतंस.

आणि ती राळ! बाहेरच्या टीमच्या मुली बोटांना डबीतला चिकट मलम लावतात, म्हणून त्यांचा चेंडू हातातून सुटत नाही, हे तू कुठंतरी बघून आलीस. आपल्याकडं तसली डबी कुठली मिळायला? तू शिवाजीनगरला त्या काष्ठौषधीवाल्याच्या अंगडीत गेलीस, राळेचे खडे आणलेस, खलबत्त्यात कुटलेस, आणि आईच्या चहाच्या पातेल्यात एरंडेल घालून शिजवलेस. घरभर धूर. आई देवपूजा सोडून खोकत बाहेर पळाली. पातेलं गेलं ते गेलंच, त्यातली राळ घासून काढायला कुणाच्या बापाला जमलं नाही. पण जमली मात्र फक्कड! हवा थंड असली की एरंडेल स्वल्प जास्त, ऊन असलं की कमी. तिकडं पीण्या वसाहतीतल्या कारखान्यातली पॅकिंगची पाळी संपवून तू येणार, आणि मॅचच्या आधी एकेकीच्या बोटांना स्वतः लावणार. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाहीस. स्वतःच्या हाताला मात्र कधी लावली नाहीस. गोलकीपरचे हात कोरडे पाहिजेत, म्हणायचीस.

मग आपल्या गावात ती पात्रता स्पर्धा आली. आपल्या शर्टावर देशाचं नाव, आणि मैदान आपलं, बसनं जायच्या अंतरावर. टीममध्ये बहुतेक पोरी उत्तरेकडच्या, त्या हिंदी बोलायच्या. आपण दोघी कोर्टवर मराठीत ओरडायचो. एक पुण्याची होती, ती आपली कानडीमिश्रित मराठी ऐकून हसायची, "ही कसली गं भाषा?" तू तिला म्हणालीस, "ही आमची. तुला कळली ना? मग सरी, झालं तर." ती पुढं तुझ्याशी नीट बोलायला लागली.

शेवटचा सामना मी आजवर कुणाला नीट सांगितलेला नाही. आज तुलाच सांगते, म्हणजे तुला खोडून काढता येणार नाही.

जिंकलो तर आपण पुढच्या फेरीला. बरोबरी झाली तर समोरच्या पुढं, आपण घरी. हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण समोरच्या त्या उंचच उंच पोरी, त्यांनी याआधी दरवेळी आपल्याला चिरडलं होतं. त्या दिवशी काय झालं कोण जाणे. तू गोलात भिंतच घातलीस. पायानं अडवलेस, छातीवर घेतलेस, एक तर तोंडावर घेतलास आणि ओठातून रक्त आलं तरी बाहेर गेली नाहीस. शेवटचं मिनिट चालू आणि गुण सारखे! लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले होते. त्यांना बरोबरीच मोठी वाटत होती. मलासुद्धा, खरं सांगते. चेंडू आपल्याकडं होता, माझ्या मनात आलं, फिरवू या, वेळ काढू या, मानानं घरी जाऊ या.

आणि मी बघते तर मधली रेघ ओलांडून पिवळा शर्ट येतोय.

मी ओरडले, "मागं जा! अक्का, मागं जा!" कोच सर बेंचवरून हिंदीत ओरडत होते. वर प्रेक्षकांत बसलेली तुझी आई चकल्यांचा डबा हातात धरून कानडीत ओरडत होती. तीन भाषांत सगळे तुला परत पाठवत होते आणि तू आपली पुढंच चाललेली. माझ्या अंगावर दोघी चिकटल्या होत्या. तू डाव्या बाजूला मोकळी उभी राहिलीस आणि उजवा तळहात कमरेशी उघडा धरलास, बोटं फाकवून. तोंडानं काही नाही. नुसता तो हात.

मी तोंडानं "मागं जा" म्हणत होते आणि माझ्या हातानं चेंडू तुला दिला.

तू उडी मारलीस. किती सुंदर उडी होती गं ती! सबंध जन्म गोलात काढलेली बाई कुठं शिकली ती? चेंडू त्यांच्या गोलकीपरला चुकवून गेला, आणि खांबावर आपटला. तो आवाज मला अजून येतो, शाळेत कुणी बाक आपटला तरी येतो. त्यांच्या गोलकीपरनं चेंडू उचलला आणि लांब फेकला, सरळ आपल्या रिकाम्या गोलाकडं. तो टप्पे खात चालला होता आणि तू त्याच्या मागं पळत होतीस. मीही पळत होते, पण मला ठाऊक होतं. तुलाही असणारच. तरी तू शेवटपर्यंत पळालीस आणि चेंडूबरोबर जाळ्यात जाऊन पडलीस. शिट्टी झाली.

दुसऱ्या दिवशी पेपरात तुझ्यावरच लिहून आलं. निवड समितीनं त्यानंतर तुला कधी बोलावलं नाही. मी पुढंही खेळले, गावोगाव गेले, आणि प्रत्येक वेळी गोलात दुसरीच कुणीतरी. मला त्या पोरींचा राग यायचा. त्यांचा बिचाऱ्यांचा काय दोष?

बसमधूनच आपलं भांडण सुरू झालं. मी म्हटलं, "बरोबरी राहिली असती तर लोकांनी नाव घेतलं असतं. त्यांना रोखलं असतं आपण." तू ओठावर रुमाल धरून म्हणालीस, "रोखून कुठं जायचं होतं? घरीच ना? मग हरून गेलं काय आणि बरोबरी करून गेलं काय. बस तीच, शिवाजीनगरची." मी म्हटलं, "मग तू गोलात थांबायचंस, मी फेकला असता." तू म्हणालीस, "तुझ्यावर दोघी होत्या. माझ्यावर कोणी नव्हतं. गोलकीपरवर कोण माणूस ठेवतं?" मग मी राळेवर घसरले. म्हटलं, चेंडूला राळ होती, तुला सवय नाही, तो बोटाला चिकटून उशिरा सुटला, म्हणून खांबावर गेला. झालं! तू जी चवताळलीस! आपली उडी चुकली म्हटलेलं तुला चाललं असतं, राळेला नाव ठेवलेलं चालेना. "खांबच आत रोवलाय मेल्यांनी," म्हणालीस.

मग ते भांडण आपल्याबरोबर सगळीकडं आलं. तुझ्या लग्नात हळद लावताना, तुझ्या लेकीच्या, पुट्टीच्या बारशाला, पीण्याच्या बसथांब्यावर, फोनवर. कधी तू गंमतीत काढायचीस, कधी मी खरंच चिडून. दाजी म्हणायचे, "या दोघींचा तो चेंडू अजून हवेतच आहे." मला वाटायचं आपण म्हाताऱ्या होऊ आणि कवळ्या लावून हेच भांडू.

गेल्या वर्षी तुझ्या हातातून पेला पडला. पहिल्यांदा मी होते समोर. तू हसलीस, म्हणालीस, "राळ लावायला पाहिजे आता." मीही हसले. मग ताट पडलं, मग किल्ली धरता येईना. गोलात दगडासारखा उभा राहणारा तो उजवा हात, त्याला वेणी घालता येईना. मग तपासण्या, आणि डोक्यात गाठ आहे म्हणून कळलं. डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. गोळ्या घेत राहिलात तर काही वर्षं निघतील, हात मात्र जाईल, चालणंही जाईल हळूहळू. ऑपरेशन केलं तर बऱ्या व्हाल, पण टेबलावर काहीही होऊ शकतं.

मला माहीत होतं तू काय करणार. डॉक्टरांचं बोलणं पुरं व्हायच्या आत माहीत होतं.

मी तुझ्याशी किती भांडले! वॉर्डातल्या बाया बघायला लागल्या. मी म्हटलं, पोर अजून शाळेतसुद्धा जात नाही, तिला आई पाहिजे, खाटेवर असली तरी पाहिजे. तू म्हणालीस, "विजू, परवा ती माझ्या कडेवरून निसटली. आपण होऊन नाही गं उतरली, निसटली. ह्यांनी झेललं. आता ती माझ्याकडं यायला बिचकते." मग तू हळूच म्हणालीस, "गोळ्या म्हणजे बरोबरी. घड्याळाकडं बघत उभं राहायचं."

बरोबरीत काय वाईट होतं गं? मी आत्ता विचारते तुला. तू आज खाटेवर असतीस, कुरकुरत असतीस, मी तुझी वेणी घातली असती, पुट्टीला धरून तुझ्याजवळ बसवलं असतं. बिचकली असती चार दिवस, मग सवय झाली असती. मला चाललं असतं. मला तू हातापायांशिवायसुद्धा चालली असतीस, अक्का. हे मी तुला तेव्हा सांगायला पाहिजे होतं, असं रोज वाटतं. आणि सांगितलं असतं तरी तू गेली असतीस, हेही रोज वाटतं.

त्या सकाळी ढकलगाडीवर घालून तुला नेत होते. केस काढलेले, कपाळ केवढं मोठं दिसत होतं. दाजी पुट्टीला घेऊन खाली थांबले होते. दाराशी गाडी थांबली आणि तिथंसुद्धा मी म्हटलं, "अजून वेळ आहे. नको म्हणून सांग. मी सांगते डॉक्टरांना." तू चादरीखालून उजवा हात कसाबसा बाहेर काढलास आणि कमरेशी तळहात उघडलास. बोटं नीट फाकत नव्हती. पण मला कळलं. मला नाही तर कुणाला कळणार?

मी माझा हात तुझ्या हातात दिला. तू धरायला बघितलंस. बोटं मिटेनात. मी घट्ट धरला होता, पण आया म्हणाली, "सरी अम्मा, स्वल्प बाजूला व्हा," आणि गाडी हलली आणि तुझा हात माझ्या हातातून सुटून गेला. कोरडा होता गं. अगदी कोरडा.

तू चुकलीस असं मी आजही म्हणते. दोन्ही वेळा चुकलीस. पण तू हात पुढं केलास तेव्हा मी दिला, दोन्ही वेळा दिला, एवढं लक्षात ठेव.

काल सगळे गेल्यावर मी आईबरोबर भांडी आवरायला लागले. मोरीवरच्या फळीवर मागं ते पातेलं सापडलं. आईनं टाकलं नव्हतं. मी म्हटलं, "हे कशाला ठेवलंस?" आई म्हणाली, "टाकणारच होते. तिला म्हटलं होतं घासून देतेस का बघ, ती म्हणाली, बघते." आई तिथंच खाली बसली आणि पदर तोंडाला लावला. तुझ्या बाराव्याला पाहुण्यांसमोर न रडलेली तुझी आई, त्या पातेल्यासमोर रडली.

तळाला राळ होती, काळी, वर धूळ बसलेली. मी नखानं धूळ खरवडली आणि हाताचं बोट आत दाबलं. मला वाटलं, एवढ्या वर्षांत दगड झाली असेल. पण तू एरंडेल बरोबर घातलं होतंस. बोट चिकटलं.

आईनं डोळे पुसत विचारलं, "विजू, काय करतेस गं? दे इकडं, मी घासते."

मी म्हटलं, "नको. थांब जरा."